मुतवल्ली ते विश्वस्त : एका जबाबदारीचा इतिहास

भंडाऱ्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात शहापूर येते. महामार्गाला लागून असलेले हे गाव. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सभोवती धानाची शेती. शहापूरच्या बसथांब्याजवळ चहा घेताना काही महिन्यांपूर्वी एक जुने स्नेही भेटले. ते शेजारच्या एका लहान गावचे. नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतले, आणि एका जुम्याच्या नमाजनंतर जमातीने त्यांना मशीद व कब्रस्तान कमिटीचे सदर करून टाकले. ना अर्ज, ना मतदान. 'तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांभाळा' एवढेच.

ते मला म्हणाले, "भाईजान, सदर तर झालो. पण सदर म्हणजे नेमके कोण, हे कोणी सांगत नाही. मी मालक आहे, मुनीम आहे, की नुसता किल्ली सांभाळणारा?"

आधीच्या सदरांकडून त्यांना एक पत्र्याची पेटी मिळाली होती. तिच्यात दोन किल्ल्या, तीन पावतीबुके, विजेची बिले आणि शंभर पानांची एक वही होती. वहीत जमा आणि खर्च लिहिलेला, पण मधली चार वर्षे कोरी. वक्फनामा नाही, नोंदणीचा दाखला नाही, ठरावाची वही नाही. कोणी पैसा खाल्ला असे गावात कोणीही म्हणत नव्हते. जुने सदर नेक माणूस म्हणून ओळखले जात. 'सगळे विश्वासावर चालले होते', असे ते सांगत. पण कब्रस्तानाची जागा कोणाच्या नावावर आहे, हे त्या पेटीतला एकही कागद सांगत नव्हता.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी चहाच्या टेबलावर देऊ शकलो नाही. ते शोधताना जे हाती आले, ते येथे मांडतो आहे. कारण हा प्रश्न एका गावचा नाही. आपल्या प्रत्येक मशिदीत, मदरशात, अंजुमनमध्ये, शिक्षणसंस्थेत चार-दहा माणसे कमिटीवर असतात. लग्नाच्या पत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पद छापले जाते. पण त्या पदाबरोबर काय अंगावर येते, याचा इतिहास आपण क्वचितच वाचतो.

खैबरची जमीन

या इतिहासाची पहिली कथा आपल्या घरांतून सांगितली जाते, पण तिच्यातला कारभाराचा भाग बहुतेक वेळा सुटून जातो. हजरत उमर (रजि.) यांना खैबरला जमीन मिळाली. इतकी मौल्यवान मालमत्ता त्यांच्याकडे यापूर्वी नव्हती. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. मूळ मालमत्ता राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे, असा सल्ला मिळाला. हदीसच्या ग्रंथांत ही हकिकत नोंदलेली आहे. त्यानुसार उमर यांनी तीन गोष्टी ठरवल्या : ही जमीन विकली जाणार नाही, कोणाला बक्षीस दिली जाणार नाही आणि वारसाहक्काने कोणाकडे जाणार नाही. उत्पन्न गरिबांसाठी, नातलगांसाठी, गुलामांच्या मुक्ततेसाठी, प्रवाशांसाठी आणि पाहुण्यांसाठी.

यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. जो या जमिनीची देखभाल करील, त्याने रिवाजाप्रमाणे, गरजेपुरते त्यातून खावे, मित्राला खाऊ घालावे. पण त्यातून स्वतःची संपत्ती वाढवू नये. ही अट त्यांनी लेखी करून ठेवली, साक्षीदार घेतले, आणि आपल्यानंतर देखभाल कोणाकडे जाईल हेही लिहिले. ती जबाबदारी त्यांनी आपली कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपवली. म्हणजे वक्फच्या आरंभकाळातच लेखी दस्त आहे, साक्षीदार आहेत, व्यवस्थापकाच्या मेहनतान्याची मर्यादा आहे, उत्तराधिकाऱ्याची नेमणूक आहे, आणि ती उत्तराधिकारी एक स्त्री आहे. आज कमिटीत बाईचे नाव घेतले की भुवया उंचावणाऱ्यांनी ही नोंद पुन्हा वाचावी.

हाच विचार कुरआनमध्ये अनाथांच्या मालमत्तेबाबत येतो. सूरह निसामध्ये पालकाला सांगितले आहे की तो संपन्न असेल तर त्याने त्या मालमत्तेला हात लावू नये, गरजू असेल तर वाजवी तेवढेच घ्यावे, आणि मालमत्ता परत करताना साक्षीदार ठेवावेत. अल्लाह हिशेब घेण्यास पुरेसा आहे, हे सांगण्याआधी माणसांतले साक्षीदार मागितले आहेत. 'माझा हिशेब माझ्या अल्लाहजवळ' असे म्हणून वही झाकणाऱ्याला येथे आधार सापडत नाही.

दात्याची अट

वक्फ करणाऱ्याला वाकिफ म्हणतात आणि कारभार पाहणाऱ्याला मुतवल्ली. मुतवल्लीचे पहिले काम म्हणजे वाकिफची अट पाळणे. मुंबईच्या जामा मशिदीचे उदाहरण घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही मशीद उभी राहू लागली, तेव्हा जागा एका कोकणी मुस्लिम व्यापाऱ्याची होती. त्या जागेत एक तलाव होता. मशिदीसाठी जागा देताना तलाव तसाच राहिला पाहिजे, अशी त्याची अट होती. १७७५ च्या सुमारास सुरू झालेले काम कज्जांमुळे लांबले आणि १८०२ मध्ये पुरे झाले. पण मशीद तलावाच्या वर, दगडी कमानींवर उभी केली गेली. आजही खाली पाणी आहे आणि लोक तेथे वजू करतात. मुंबईतल्या जागेचा भाव किती पटींनी वाढला, हे सांगायला नको. तलाव बुजवून गाळे काढण्याचा मोह कोणत्या पिढीला झाला नसेल? पण अट टिकली.

इंग्रजी राजवट आणि 'विश्वस्त' हा शब्द

इंग्रजांनी सुरुवातीला मंदिरे-मशिदींच्या देणग्यांवर स्वतः देखरेख ठेवली. बंगालमध्ये १८१० च्या नियमाने ते काम महसूल अधिकाऱ्यांकडे होते. पुढे सरकारने धार्मिक संस्थांच्या कारभारात असू नये, असा दबाव इंग्लंडमधूनच आला, आणि १८६३ च्या कायद्याने सरकार बाजूला झाले. कारभार स्थानिक समित्यांकडे आणि व्यवस्थापकांकडे गेला. त्याआधी १८६० मध्ये संस्था नोंदणीचा कायदा आला होता. आजही आपल्या शिक्षणसंस्थांच्या पत्रव्यवहारावर त्याचा उल्लेख असतो.

याच काळात नोंद घेण्याजोगा बदल झाला. एकट्या मुतवल्लीच्या जागी मंडळ आले. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी आणि नाखुदा मोहम्मद अली रोगे ही तिच्या उभारणीतली प्रमुख नावे. तय्यबजी सुलेमानी बोहरा, तर रोगे कोकणी मुस्लिम. वेगवेगळ्या जमातींची माणसे एका टेबलाभोवती बसली आणि शाळा चालवू लागली. १८९० मध्ये बोरीबंदरसमोरच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली, १८९३ मध्ये ती उभी राहिली. बद्रुद्दीन तय्यबजी आधी चिटणीस होते, मग १८९० पासून १९०६ मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्ष. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, तरी अंजुमनचे काम त्यांनी सोडले नाही. संस्था एका घराण्याची झाली नाही, म्हणून दीडशे वर्षे टिकली. मंडळ असण्याचा अर्थ हाच की एकाचा मृत्यू, एकाचा राग किंवा एकाचा लोभ संस्थेला बुडवू शकत नाही.

कायद्याच्या बाजूने मात्र गोंधळ होता. १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कुटुंबासाठी केलेला एक वक्फ अवैध ठरवला. गरिबांचा वाटा त्यात फारच दूरचा आहे, असे कारण दिले गेले. मुस्लिम समाजात याची मोठी प्रतिक्रिया उमटली. त्यातून मोहम्मद अली जिना यांनी मांडलेल्या विधेयकाचा १९१३ मध्ये कायदा झाला आणि असे वक्फ पुन्हा वैध ठरले.

१९२१ मध्ये आणखी एक निकाल आला. हा खटला दक्षिणेतील एका मठाच्या महंताचा होता. न्यायमूर्ती अमीर अली यांनी निकाल दिला. प्रिव्ही कौन्सिलवर बसलेले ते पहिले भारतीय. त्यांनी सांगितले की मठाचा महंत, मंदिराचा सेवायत आणि वक्फचा मुतवल्ली हे इंग्रजी अर्थाने मालमत्तेचे विश्वस्त नाहीत. इंग्रजी कायद्यात मालमत्ता विश्वस्ताच्या नावे होते; मुतवल्लीच्या नावे ती कधीच होत नाही. वक्फची मालकी अल्लाहकडे जाते, मुतवल्ली फक्त व्यवस्थापक. मात्र कारभारात गैरव्यवहार झाला तर तो विश्वस्ताइतकाच जबाबदार धरला जाईल.

माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. सदर मालक नाही. त्याला मालकाचे अधिकार मिळत नाहीत, पण हिशेबाची जबाबदारी पूर्ण मिळते.

१९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्याने ही जबाबदारी कागदावर आणली. मुतवल्लीने मालमत्तेचे विवरण आणि दरवर्षीचा तपासलेला हिशेब जिल्हा न्यायालयात द्यावा, अशी तरतूद झाली. म्हणजे वक्फच्या हिशेबाची सक्ती ही आजकालची गोष्ट नाही. तिला १०० वर्षे होऊन गेली.

विदर्भाची वेगळी वाट

भंडारा जिल्ह्याच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हा भाग मुंबई इलाख्यात कधीच नव्हता. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि भंडारा त्यात गेला. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. प्रत्येक वळणावर कायदा बदलला, कचेरी बदलली आणि दप्तर एका गावाहून दुसऱ्या गावी गेले.

या भागात मालगुजारी होती. गावची जमीन मालगुजाराच्या अखत्यारीत. मशिदीसाठी, कब्रस्तानासाठी, स्मशानासाठी जागा हवी असली की गावकरी त्याच्याकडे जात. मालगुजार हिंदू असो की मुसलमान, 'त्या टेकडीच्या पलीकडे घ्या' असे सांगे आणि ते पुरत असे. त्याचा कागद कोणी मागितला नाही. मग ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. पडीत जमीन, झाडे, तलाव शासनाकडे निहित झाले. भंडारा-गोंदियात ज्यांना आपण 'मामा तलाव' म्हणतो, ते हेच माजी मालगुजारी तलाव. तलावांबरोबर अनेक तोंडी दिलेल्या जागाही शासनाच्या खात्यावर गेल्या.

लोकांची वहिवाट राहावी म्हणून निस्तार पत्रक तयार झाले. गुरे चारणे, सरपण आणणे, मुर्दा दफन करणे, दहन करणे या सार्वजनिक वापराच्या जागा त्यात लिहिल्या गेल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही विदर्भासाठी ही तरतूद कायम आहे. पण निस्तार पत्रकातली नोंद म्हणजे वापराचा हक्क. ती जमीन वक्फ म्हणून नोंदली गेली, असा तिचा अर्थ होत नाही. हा फरक आपल्या वडिलांच्या पिढीला कोणी समजावला नाही. त्यांना वाटले, मय्यत तर तेथेच जाते, मग आणखी काय पाहिजे?

धर्मादाय आयुक्तांची कचेरी

मुंबई राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा होता. १९६० च्या एकीकरणाच्या कायद्याने तो विदर्भालाही लागू झाला. पुढे त्याच्या नावातले 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले. या कायद्याने हिंदू, मुस्लिम, पारशी, ख्रिस्ती सर्वांच्या सार्वजनिक संस्था एका छताखाली आणल्या. मुस्लिम संस्थांचा नोंदणी क्रमांक 'बी' या अक्षराने सुरू होतो. तुमच्या मशिदीच्या जुन्या पावतीबुकावर असा क्रमांक छापलेला असेल, तर तेवढा धागाही पुष्कळ आहे. त्यावरून सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा मागता येतो.

या कायद्याने विश्वस्ताच्या अंगावर टाकलेली कामे साधी आहेत, पण तीच सर्वांत जास्त टाळली जातात. संस्था निर्माण झाली की तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज विश्वस्तानेच करायचा. कोणी वारले, कोणी राजीनामा दिला, नवा माणूस आला किंवा मालमत्तेत बदल झाला, तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. नियमित हिशेब ठेवायचा आणि तो दरवर्षी तपासून घ्यायचा. पैसा घरात किंवा ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवायचा नाही. बँकेत, पोस्टात किंवा कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच ठेवायचा. स्थावर मालमत्ता विकायची, गहाण टाकायची, किंवा शेतजमीन १० वर्षांहून आणि इतर जागा ३ वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यायची. कर्जही परवानगीशिवाय काढायचे नाही. कारभारात सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या बाबतीत जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यायची. यात कसूर झाली तर विश्वस्ताला निलंबित करता येते आणि काढूनही टाकता येते.

बदल अर्ज हा शब्द ऐकायला रुक्ष आहे. पण आपल्या संस्थांचे निम्मे कज्जे त्याच्याच अभावी उभे राहतात, असे माझे निरीक्षण आहे. कचेरीच्या दप्तरात वीस वर्षांपूर्वी वारलेली माणसे अजून विश्वस्त असतात. प्रत्यक्ष कारभार करणाऱ्यांचे नाव कुठेच नसते. मग एखादा तिसराच जुन्या नावाचा वारस म्हणून उभा राहतो, आणि कोर्टात जमातीला स्वतःची ओळख सिद्ध करावी लागते.

दोन कचेऱ्यांमधली जागा

मराठवाडा निजामाच्या राज्यातून आल्यामुळे तेथे १९५४ चा वक्फ कायदा आणि स्वतंत्र वक्फ मंडळ होते. उर्वरित महाराष्ट्रातले वक्फ धर्मादाय आयुक्तांकडे राहिले. १९९५ चा वक्फ कायदा १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि जानेवारी २००२ मध्ये महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळ स्थापन झाले. मुख्यालय औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. भंडाऱ्याच्या गावातल्या सदराला आता दोन कचेऱ्या झाल्या. एक जिल्ह्यात, एक शेकडो किलोमीटर दूर. आपली संस्था कोणाकडे, हे अनेकांना कळेना.

हा प्रश्न केवळ खेड्यातला नव्हता. मुंबईत अल्टामाउंट रोडवरची करीमभाई इब्राहिम खोजा यतीमखान्याची जमीन २००२ मध्ये सुमारे एकवीस कोटी रुपयांना विकली गेली. धर्मादाय आयुक्तांची परवानगी होती. वक्फ मंडळाने मात्र ही जमीन वक्फची असल्याचे सांगून आक्षेप घेतला, आणि वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. त्याच्या गुणदोषांत मी जात नाही. मुद्दा एवढाच की अनाथांच्या मालमत्तेचे काय करायचे हे ठरवताना कोणाला विचारायचे, यावरच एकमत नव्हते.

मुस्लिमांचे सर्व सार्वजनिक न्यास आपोआप वक्फ होतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये वक्फ मंडळाच्या स्थापनेलाच धक्का देणारा निकाल दिला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला सारला. मात्र मुस्लिमाने केलेला प्रत्येक न्यास वक्फ असतोच असे नाही, दोन्हींत फरक आहे, हे मान्य केले. तेव्हा आपली संस्था न्यास आहे की वक्फ, हे मूळ दस्त वाचूनच ठरणार. पुन्हा गाडी दस्तावर येते.

मर्यादा ओळखणे

विश्वस्ताची आणखी एक जबाबदारी आहे, आपल्या अधिकाराची हद्द ओळखण्याची. हाजी अली दर्ग्याचे प्रकरण यासाठी अभ्यासावे. मजारीपर्यंत स्त्रिया पूर्वी जात असत. २०११-१२ च्या सुमारास विश्वस्तांनी त्यांना तेथे मनाई केली. नूरजहाँ साफिया नियाज आणि झाकिया सोमण यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २६ ऑगस्ट २०१६ ला न्यायालयाने मनाई रद्द केली. न्यायालयाने दर्ग्याच्या न्यासाची योजना वाचली. तिच्यातली उद्दिष्टे कर्ज, शिक्षण, वैद्यकीय मदत अशा स्वरूपाची होती. कोणाला दर्शनापासून रोखण्याचा अधिकार त्या योजनेने विश्वस्तांना दिलेला नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यासाने सर्वोच्च न्यायालयात स्त्रियांना प्रवेश देण्याचे मान्य केले, आणि नोव्हेंबरअखेरीस स्त्रिया पुन्हा मजारीपर्यंत गेल्या.

यात आपल्यासाठी धडा आहे. किल्ली हाती आली म्हणजे दरवाजा कोणासाठी उघडायचा हे ठरवण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. कब्रस्तानात दफनाला जागा नाकारणे, एखाद्या कुटुंबाला जमातीबाहेर टाकणे, विधवेला मदतीसाठी दहा वेळा फिरवणे, हे अधिकार कोणत्याही वक्फनाम्यात लिहिलेले नसतात. २०१३ च्या दुरुस्तीने राज्य वक्फ मंडळावर किमान दोन स्त्रिया असाव्यात, असे ठरले. गावच्या कमिटीला तसे बंधन नसले, तरी हजरत हफ्सांचे उदाहरण तिच्यासमोर आहेच.

२०२५ नंतर

एप्रिल २०२५ मध्ये वक्फ कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यावर देशभर वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने काही तरतुदींना स्थगिती दिली. वक्फ करणारा ५ वर्षे इस्लामचे पालन करणारा असावा ही अट आणि वादग्रस्त सरकारी जमिनीबाबत जिल्हाधिकाऱ्यांच्या चौकशीवरून दप्तर बदलण्याचे अधिकार त्यात आहेत. नोंदणीच्या सक्तीला मात्र स्थगिती मिळाली नाही. दुरुस्तीनुसार वक्फनाम्याशिवाय यापुढे नवा वक्फ होणार नाही. केवळ दीर्घ वापराने झालेल्या जुन्या वक्फांपैकी जे कायदा येण्याआधी नोंदलेले आहेत ते राहतील. पण जेथे वाद आहे किंवा जमीन सरकारी असल्याचा दावा आहे, त्यांना हे संरक्षण नाही.

नोंदलेल्या वक्फांची माहिती 'उम्मीद' पोर्टलवर भरायची होती. पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झाले आणि ६ महिन्यांची मुदत ६ डिसेंबरला संपली. ज्यांचे काम राहिले, त्यांच्यासाठी वक्फ न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची वाट ठेवलेली आहे. या कायद्याबद्दल आपले मत काहीही असो, आणि त्याविरुद्ध लोकशाही मार्गाने बोलण्याचा आपल्याला हक्क आहे, तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. ज्या जमातीच्या पेटीत कागद होते, तिने ते भरले. जिच्या पेटीत फक्त पावतीबुके आणि विजेची बिले होती, ती आज अधिक घाबरलेली आहे. मालगुजाराच्या तोंडी शब्दावर मिळालेली, १९५१ मध्ये सरकारी खात्यावर गेलेली, निस्तार पत्रकात केवळ 'कब्रस्तान' म्हणून लिहिलेली जागा आता नेमक्या त्याच प्रश्नासमोर उभी आहे. आपल्या आईवडिलांच्या कबरी त्या जागेत आहेत.

पेटीत काय असावे

त्या स्नेह्यांच्या गावी मी पुढे दोनदा गेलो. आम्ही तलाठ्याकडून सातबारा आणि निस्तार पत्रकाचा उतारा काढला. जुन्या पावतीबुकावर सापडलेल्या क्रमांकावरून नोंदणी कार्यालयात अर्ज दिला. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या तीन वृद्धांचे जबाब लिहून घेतले. त्यातले एक हिंदू शेतकरी होते. जागा कोणी दिली, कधीपासून दफन होते, कुंपण कोणी घातले, हे त्यांना आठवत होते. कबरींवरची जुन्यात जुनी तारीख टिपून ठेवली. जमातीची बैठक घेऊन ठरावाची वही सुरू केली. चंद्याची रक्कम संस्थेच्या नावे बँकेत गेली, आणि दोन सह्यांशिवाय पैसा काढता येणार नाही असे ठरले. दर महिन्याचा जमाखर्च मशिदीच्या दारावर लावायला सुरुवात झाली. पहिल्या महिन्यात तो वाचायला गर्दी झाली, दुसऱ्या महिन्यात दोघांनी चुका दाखवल्या.

चुका दाखवल्यावर माझे स्नेही थोडे दुखावले. मला म्हणाले, "माझ्यावर भरवसा नाही काय यांचा?" जुने सदर तेथेच बसले होते. वय झालेले, आवाज बारीक. ते म्हणाले, "बेटा, मला कोणी विचारले असते तर ती चार वर्षे कोरी राहिली नसती."

मला वाटते, या सगळ्या इतिहासाचे सार त्या वाक्यात आहे. विचारणे हा अविश्वास नाही. जमातीने विचारावे आणि सदराने दाखवावे, ही दोघांची जबाबदारी आहे. कागद नसला तर नेक माणसाची नेकीही त्याच्यानंतर सिद्ध करता येत नाही. उमर (रजि.) यांच्या नेकीबद्दल कोणाला शंका होती? तरी त्यांनी लिहून ठेवले आणि साक्षीदार घेतले.

त्या गावची नोंद अजून पूर्ण झालेली नाही. अर्ज कचेरीत आहे, उत्तराची वाट पाहत आहोत. पण पत्र्याच्या पेटीत आता सातबारा आहे, निस्तार पत्रकाचा उतारा आहे, जबाब आहेत, ठरावाची वही आहे. पुढचा सदर जो कोणी होईल, त्याला 'मी नेमका कोण' असा प्रश्न पडला तर पेटी उघडून वाचता येईल. आपल्या गावच्या मशिदीची, कब्रस्तानाची, अंजुमनची पेटी कोणाकडे आहे आणि तिच्यात काय आहे, हे आपण या जुम्याला विचाराल का?